म्राता संताच्या दिवशी एकच पाहुणा

आमच्या दप्तरखान्यात सकाळी दहाची कॉफी गेली बावीस वर्षे मी उकळतो. हे काम मला कोणी नेमून दिलेले नाही; पण माणसाने एखादी गोष्ट नीट केली की ती त्याच्याच गळ्यात राहते, आणि ही माझ्या गळ्यात राहावी असे मलाही वाटत होते. लांब दांड्याचे पितळी भांडे माझे, पूड माझ्या डब्यातली, मापही माझेच: माणशी एक सपाट चमचा आणि वर एक भांड्याचा. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत मी सात माणसांची कॉफी करीत असे. मग एका सोमवारी आमचा विभागप्रमुख ओब्राद दारात उभा राहून म्हणाला, "टिहो, आजपासून सहाच कर. स्मिल्याला आपली कॉफी कडू लागते."

स्मिल्या तिथेच, चार पावलांवर, एका जीर्ण पानावर वाकलेली होती. तिने असे कधीही म्हटले नव्हते. तिने मान वर केली, ओब्रादकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी एक चमचा पूड डब्यात परत टाकली.

एका कपाने असे काय होते, असे कोणी विचारील. मी स्वतःलाही तोच प्रश्न विचारून पाहिला आहे, परंतु तो बचाव फार वेळ टिकत नाही. ज्या जागी सगळे जण दिवसातून एकदाच हातातले काम खाली ठेवतात, आणि तेही कॉफीसाठीच, तिथे एक कप कमी करणे म्हणजे एक माणूस कमी करणे होय. शिवाय ओब्रादने केवळ शब्द उच्चारले होते. पूड परत टाकणारा हात माझा होता.

तो हात कसा तिथवर आला, हे क्रमाने सांगितले पाहिजे.

मी जुने कागद दुरुस्त करतो. किडीने वा पाण्याने खाल्लेल्या पानाच्या भोकात तलम जपानी कागदाचा तुकडा गव्हाच्या खळीने बसवायचा, वजनाखाली वाळवायचा, आणि पान पुन्हा अखंड दिसू लागले की आपण तिथे कधी नव्हतोच अशा रीतीने बाजूला व्हायचे, असा हा व्यवसाय आहे. तीस वर्षे आमच्या शहरात "टिहोमीरचा हात" हा एक वाक्प्रचार होता. मग दोन वर्षांपूर्वी स्मिल्या आली. वय चौतीस, वडील नुकतेच वारलेले, आईबरोबर राहणारी, अबोल नव्हे पण मोजके बोलणारी. पहिल्याच आठवड्यात तिने एका जन्मनोंदीचे पान पुरे केले. ती जेवायला गेली तेव्हा मी भिंग घेऊन जोड शोधला. सापडला नाही. माझा जोड उजेडासमोर धरला तर केसाएवढी एक रेघ दिसते. ती तीस वर्षांत कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती, कारण शेजारी तुलनेला दुसरे काही नव्हते.

त्या वसंत ऋतूत बिशपांच्या कचेरीतले एक वृद्ध गृहस्थ आपली नोंदपुस्तके न्यायला आले. त्यांनी पाने उलटली, हात फिरवला आणि विचारले, "ही कुणी केली?"

वाचनकक्षाचा रात्को मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आमच्या टिहोकाकांनी. दुसरं कोण करणार?"

"छे, छे. टिहोमीरचं काम मी ओळखतो," ते हसत म्हणाले. "हे त्याचं नाही."

माझा अपमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून पाठ आहे.

आता ओब्रादविषयी. तो वाईट माणूस आहे, असे विधान मी करणार नाही; त्याने माझ्या पत्नीच्या आजारपणात दोनदा स्वतःच्या गाडीतून आम्हांला इस्पितळात नेले आहे. परंतु त्याला नेहमी कोणीतरी एक लागतो. स्मिल्यापूर्वी तो एक मी होतो. "टिहोमीर, हा अहवाल आहे की रविवारचं प्रवचन? यातलं क्रियापद कुठल्या पानावर भेटेल?" असे तो सगळ्यांसमोर विचारी, सगळे हसत, मीही हसे, आणि घरी जाऊन डोके दाबत बसे. अशी अकरा वर्षे गेली.

ओब्राद आणि स्मिल्या या दोघांच्या घराण्यांचा संत एकच, म्राता. त्यामुळे दोघांची स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण, एकाच दिवशी, चोवीस नोव्हेंबरला येते. स्लावेला कोणी कोणाला बोलावीत नाही. एकदा आलेला पाहुणा पुढे दरवर्षी आपण होऊन येतो, आणि घरधनी दार उघडे ठेवून दिवसभर घरीच राहतो. अर्थात ज्यांचा संत एक त्यांना एकमेकांच्या घरी जाणे शक्य नसते, आणि दोघांच्या सामाईक मित्रांना ती दुपार वाटून द्यावी लागते. चौदा वर्षे आमची ती दुपार ओब्रादची होती. गेल्या वर्षी स्मिल्या नवी, वडिलांमागे तिने घराण्याची मेणबत्ती स्वतः पेटवायला घेतलेली, म्हणून आम्ही पाच जण आधी तिच्याकडे अर्धा तास डोकावून यायचे ठरले.

आम्ही उठलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

ओब्रादच्या घरी पोहोचलो तोवर त्याने मेणबत्ती वाइनने विझवली होती, म्हणजे सण आटोपला होता. त्याची बायको खिमा-भात भरलेला सार्मा तिसऱ्यांदा गरम करीत होती आणि कोबीची पाने तळाला लागल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. ओब्रादने सर्वांना राकियाची कडक दारू ओतली आणि विचारले, "काय रे, मोरावा नदीला पूर आला होता की काय?"

रात्को बुटांकडे पाहू लागला. नोंदखोलीतल्या दोघांनी काहीतरी पुटपुटले. काउंटरवरची झागोर्का, जिची जीभ एरवी कात्रीसारखी चालते, तीसुद्धा गप्प राहिली. बोललो तो मी. मी म्हणालो, "स्मिल्याकडे उठवत नव्हतं, ओब्राद. काय जेवण, काय आदर. आणि ती घरधनी म्हणून अशी उभी राहिली की भल्याभल्या पुरुषांनी शिकावं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी त्याला चौदा वर्षे ओळखत होतो. तो शब्द कुठे जाऊन रुतेल हे मला ठाऊक होते, आणि तो तिथे रुतावा म्हणूनच मी तो उच्चारला. खरे बोलूनही दुसऱ्याच्या घराला आग लावता येते.

त्याच्या पुढच्या सोमवारी त्याने ते कॉफीचे सांगितले.

नंतरच्या गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटाव्यात अशाच होत्या. असा छळ करणारा माणूस मोठे असे काही करीतच नाही. स्मिल्याचे टेबल तळघरात, बॉयलरच्या शेजारी हलवले गेले, कारण वर म्हणे जागा नव्हती. प्रदर्शनातल्या पाटीवरून तिचे नाव गळले. बैठकीत तिने तोंड उघडले की ओब्राद हात जोडून म्हणे, "शांत व्हा, राजकन्या बोलतायत." कधी, "घरात पुरुष नाही आणि स्लावा मात्र जोरात. यंदा संतालाच जेवायला बसवणार वाटतं." मग तो आमच्याकडे पाही, आणि आम्ही हसत असू. ते हसू छोटे असे, नाकातल्या नाकात विरणारे. परंतु त्याला तेवढेच पुरे होई.

माझी इच्छा पूर्ण झाली, म्हणजे माझा मत्सर निवायला हवा होता. तो वाढला. ती वाकत नव्हती. तिने घरून थर्मास आणायला सुरुवात केली आणि रोज दहाच्या ठोक्याला तळघरातून जिना चढून ती आमच्याच टेबलाच्या टोकाशी येऊन बसू लागली.

"आमची कॉफी कडू लागते ना?" ओब्राद म्हणाला.

"हा पुदिन्याचा चहा आहे," ती म्हणाली. "हवाय थोडा? पोटाला बरा असतो."

झागोर्काला हसू आवरेना, तिने खोकल्याचा बहाणा केला. मी मात्र तळमळलो. जे मी अकरा वर्षे हसून गिळले होते, ते ही मुलगी न हसता, न रडता, सरळ पाठीने बाजूला ठेवीत होती. तिचा हात माझ्याहून चांगला होता, तेवढे कदाचित मी सोसले असते. तिची पाठही माझ्याहून चांगली निघाली.

यंदाच्या ऑक्टोबरात फरकोट शिवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या संघाची नोंदवही आमच्याकडे आली. स्मिल्याने तिची तीस पाने पुरी केली आणि प्रत्येक दोन पानांमध्ये टीपकागद घालून ती दाबयंत्रात ठेवली. दुपारी ओब्रादने तिला खाली खोकी मोजायला पाठवले. मी एकटा होतो. मी दाबयंत्र उघडले, पाने बाहेर काढली, टीपकागद बाजूला सारले आणि एकेक पान खिडकीशी धरून तिचा दोष शोधू लागलो. खळ अजून ओली होती. अकरा पाने पाहिली. अकरातही दोष नव्हता. जिन्यात पावले वाजली तशी मी पाने घाईने चळतीत सरकवली आणि मळसूत्र आवळले. ती पावले रात्कोची होती. टीपकागद मात्र टेबलावरच राहिले. नंतर मी ते आवरून कपाटात ठेवले आणि तरीही माझ्या ध्यानात आले नाही.

सोमवारी ती अकरा पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झालेली निघाली.

ओब्रादने ती सगळ्यांपुढे उचलून धरली. "दोनशे वर्षं टिकलं होतं. आमच्या राजकन्येच्या हातात एक आठवडा टिकलं नाही." मी गप्प होतो. स्मिल्या म्हणाली, "मी टीपकागद घातले होते." तो म्हणाला, "मग ते चालत गेले असतील."

तिचा करार डिसेंबरअखेर संपत होता, आणि तो वाढवू नये यासाठी ओब्रादने त्याच संध्याकाळी संचालकांना पत्र दिले. स्मिल्याने कायद्याने मिळणारा मार्ग धरला. कामाच्या जागी वर्षभर छळ होत असल्याची लेखी तक्रार तिने दिली, आणि समितीची सुनावणी सत्तावीस नोव्हेंबरला, सोमवारी, ठरली. साक्षीदार म्हणून कोणीही नाव देईना. मग एके दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

"टिहोकाका, तुमची कामवही सोमवारी समितीपुढे ठेवाल का?"

दुरुस्तीखोलीची ही वही मी तीस वर्षे लिहितो आहे. कोणते पान कोणी हाताळले, दाबयंत्र कधी उघडले, कोणते टेबल कोणाच्या आदेशाने हलले, सारे तीत तारीख, वेळ आणि सहीसह असते. तिची पानेही क्रमांकित आहेत. माझ्याशिवाय ती कोणी वाचीत नाही. आणि सवय ही विवेकापेक्षा बळकट असल्यामुळे, सतरा ऑक्टोबरच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: "दुपारी १.४०. दाबयंत्र उघडले. पाने ४ ते १४ पाहिली. परत ठेवली. टिहोमीर." समितीपुढे वही ठेवली तर स्मिल्याची नोकरी वाचत होती, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माझे नाव जात होते, आणि शहरात माझी तेवढीच वस्तू उरली होती.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली आणि तळघरात गेली.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी म्राता संताचा दिवस आला. ओब्राद आणि स्मिल्या दोघेही हक्काच्या रजेवर होते. आदल्या दिवशी ओब्राद प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून गेला होता. "उद्या येताय ना? यंदा वाटेत कुठे पाय घसरू देऊ नका." एवढेच. तीन वाजता कोट चढवताना रात्को खालच्या आवाजात म्हणाला, "बिचारीकडे पाच मिनिटं तरी..." झागोर्काने मफलर गुंडाळला. "तू जा की. आणि सोमवारी तिच्यासोबत बॉयलरपाशी बस." मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मला एक काम आहे. चारपर्यंत येतो." ओब्रादसाठी घेतलेली वाइनची बाटली, लाल फीत बांधलेली, माझ्या पिशवीत होती.

काम कोणते, ते मी इथे लपवणार नाही. मला तिच्या दाराबाहेरची जागा पाहायची होती. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराशी पाहुण्यांच्या बुटांचे अकरा जोड होते. रात्कोने ते मोठ्याने मोजले होते. यंदा तिथे काहीही नसेल, आणि ते मला डोळ्यांनी पाहायचे होते. कशात तरी, एका गोष्टीत तरी, ती रिकामी असावी.

मी आवाज न करता जिना चढलो. पायपुसणे झटकून सरळ घातलेले होते. त्यावर एकही बूट नव्हता. मी वळणार तोच दार उघडले. तिची आई, येलाबाई, दारामागेच बसून असावी. सकाळपासून जिन्यातले प्रत्येक पाऊल ऐकत असावी.

"आलात," ती म्हणाली, आणि आत वळून हाक दिली, "स्मिल्या, पाहुणे आले गं."

या अनेकवचनापुढे माझा काही युक्तिवाद चालला नाही. मी बूट काढले. ते पायपुसण्यावर एकटेच राहिले. बाटली येलाबाईंच्या हातात गेली. फीत पाहून तिला आनंद झाला.

टेबल बारा जणांचे मांडले होते. शुक्रवार म्हणून उपास, तेव्हा मांस नव्हते: भाजलेला कार्प मासा, कांद्यातले राजमे, तांदूळ आणि अक्रोड भरलेला सार्मा. स्लावेची पोळी सकाळी कापलेली, तिला त्यानंतर कोणी हात लावलेला नव्हता. संताच्या तसबिरीसमोर जाड मेणबत्ती तृतीयांश जळली होती. स्मिल्या पांढऱ्या सदऱ्यात, शिजवलेल्या गोड गव्हाचे ताट घेऊन समोर आली. मी क्रूसाची खूण केली, एक चमचा गहू घेतला आणि म्हणालो, "स्लावेच्या शुभेच्छा, घरधनीण."

"तुमच्या तोंडात साखर, टिहोकाका. बसा."

मी बसलो. ती उभी राहिली. घरधनी आपल्या स्लावेला बसत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परंतु भरलेल्या घरात ते नजरेत भरत नाही, कारण तो सारखा कोणाकडे तरी जात असतो. इथे जायला दुसरे कोणीच नव्हते. अकरा रिकाम्या ताटांच्या पलीकडे, हातावर स्वच्छ पंचा टाकून, ती माझ्या एकट्यासाठी उभी होती. सूप संपले की सूप, भाकर संपली की भाकर. कचेरीचा उल्लेख नाही, सोमवारचा नाही, वहीचा नाही. हवेविषयी बोलली, अंगणातल्या अक्रोडाला यंदा कीड लागली त्याविषयी बोलली.

"बस की गं घटकाभर," मी म्हणालो.

"आज नाही बसायचं. बाबा कधी बसले नाहीत."

"अगं, एकाच माणसासाठी?"

"पाहुणे मोजतात का, काका?"

मी पाहुणे मोजायलाच आलो होतो. मग मी एक हास्यास्पद गोष्ट केली: ताट हातात घेऊन उभा राहिलो. येलाबाई स्वयंपाकघरातून माशाचा दुसरा तुकडा आणत होती. "हे काय, टिहोमीर? उभ्यानं जेवायला हे काय स्टेशन आहे?" तिने खांद्यावर हात दाबून मला खाली बसवले. स्मिल्या पहिल्यांदाच हसली.

सव्वाचारला माझा फोन वाजला. झागोर्का होती, मागे ग्लासांचा आणि ओब्रादच्या आवाजाचा गलबला होता.

"टिहो, कुठं मेलास? ओब्राद तिसऱ्यांदा विचारतोय. खुर्ची राखलीय तुझी, त्याच्या शेजारची."

स्मिल्या खिडकीकडे वळली आणि पडदा नीट करू लागली, जो नीटच होता. मला काहीही सांगता आले असते: पोट दुखते, नळ फुटला, येतोच आहे. त्या क्षणी मला धैर्य आले, असे कोणी मानू नये. मी तिच्या पाठीकडे पाहिले. ती सरळ होती. वर्षभर मी तिच्याकडे पाहून हेच म्हणत होतो, की हिला जमते आणि मला जमत नाही. आणि आता माझ्या पुढे तिचीच भाकर असताना मी पुन्हा न जमणारा ठरणार होतो. ते मला असह्य झाले. दया, न्याय हे शब्द मला नंतर सुचले. तेव्हा होता तो निव्वळ मत्सर, आणि त्यानेच माझे तोंड उघडले.

"स्मिल्याकडे आहे," मी म्हणालो. "इथेच थांबतोय. मेणबत्ती विझेपर्यंत."

झागोर्काने बहुधा फोन हाताने झाकला. "वेड लागलंय का तुला?" आणि थोड्या वेळाने, आणखी हळू, "काय केलंय रे जेवायला?"

"मासा. अक्रोडाचा सार्मा."

"इथे डुकराचं भाजलंय. शुक्रवारी," ती म्हणाली. "देव बघून घेईल," आणि तिने फोन ठेवला.

मी थांबलो. संध्याकाळी स्मिल्याने मेणबत्तीवर वाइनचे थेंब सोडले, ज्योत चरचरली आणि विझली. दाराशी बूट घालताना मी म्हणालो, "स्मिल्या, त्या अकरा पानांचं..."

"आज सण आहे, काका," ती म्हणाली. "कामाचं सोमवारी."

सोमवारी सुनावणीच्या दाराबाहेर ओब्राद उभा होता. त्याने दाढी फार काळजीपूर्वक केली होती.

"तुझी खुर्ची रिकामी राहिली."

"हो."

"पुढच्या वर्षी ठेवू का?"

"घर तुझं आहे, ओब्राद."

त्याने माझ्या काखेतली वही पाहिली. "त्यात काय आहे?"

"जे झालं ते."

आत संचालक, एक वकील बाई आणि कर्मचारी संघाचा प्रतिनिधी असे तिघे होते. मी वही उघडली आणि वाचत गेलो. तीन डिसेंबर: स्मिल्याचे टेबल तळघरात, आदेश ओब्रादचा, तोंडी. नऊ फेब्रुवारी: प्रदर्शनाच्या पाटीवरील नाव वगळले, आदेश त्याचाच. चौदा मे: पाने करण्याऐवजी खोकी मोजण्याचे काम. असे सतरा ऑक्टोबरपर्यंत आलो, आणि तिथे मी थांबलो नाही, एवढेच श्रेय मी स्वतःला देतो. एक चाळीसची नोंद मी जशीच्या तशी वाचली.

"म्हणजे पानं तू चिकटवलीस?" ओब्राद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखर चकित झाला होता.

"मी. आणि कॉफीचे चमचेही सहा मीच मोजले. पण सहा म्हणालास तू, आणि ती कडू लागते असं तिने कधीच म्हटलं नव्हतं."

वकील बाईंनी कॉफीविषयी पुन्हा विचारले. मी सगळे सांगितले, गेल्या वर्षी ओब्रादच्या घरी मी काय बोललो तेसुद्धा. वाक्ये लांब झाली. या खेपेला कोणी क्रियापदाची चौकशी केली नाही.

स्मिल्याचा करार वाढला. ओब्रादचे प्रमुखपद गेले. त्याला त्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, सूचीचे काम मिळाले. मला लेखी ताकीद मिळाली आणि दाबयंत्राची किल्ली माझ्याकडून स्मिल्याकडे गेली. ती नेमकी कोणाकडे जाते आहे हे मी पाहत होतो, आणि ते पाहणे मला आवडले नाही. मत्सर कबुलीजबाबाने धुऊन निघतो, असे मानणाऱ्यांनी तो कधी नीट केलेला नसावा.

तिचे टेबल वर, खिडकीशी, माझ्या समोर आले. डिसेंबरात तिने ती अकरा पाने सोडवायला घेतली. ओल्या कापडाची वाफ, हाडाची पातळ पट्टी, एका पानाला एक सकाळ. अकराव्या सकाळी मी विचारले, "सतराची नोंद तू समितीतच पहिल्यांदा ऐकलीस ना?"

"नाही. पानं चिकटली त्याच दिवशी वाचली. माझी नोंद करायला वही उघडली होती, तेव्हा."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"वही तुमची आहे." पट्टी दोन पानांमध्ये केसभर सरकली. "आणि मला बघायचं होतं."

"काय?"

"तुम्ही वहीचं पान फाडता का ते."

ती पाच आठवडे हे जाणून माझ्यासमोर पुदिन्याचा चहा पीत बसली होती. तिने मला गहू दिला, मासा वाढला, भाकर दिली, आणि एक शब्द काढला नाही. आता ही आणखी एक गोष्ट झाली, जी तिला जमते.

"कडा धरा, काका. हे शेवटचं."

मी कडा धरली. पान अखंड सुटले. मी ते उजेडासमोर नेऊन तिचा जोड शोधला, सवयीने, आणि तो मला याही वेळी सापडला नाही.

दहा वाजले. झागोर्का कप मांडत होती. "सहाच कर रे आता," ती म्हणाली, "कोपऱ्यातला काही यायचा नाही." मी डबा उघडला, सात चमचे मोजले आणि वर भांड्याचा एक. झागोर्काने भुवई उंचावली, पण सातवा कप मांडला. सगळे येऊन बसले. ओब्रादचे दार बंद राहिले आणि त्याचा कप ट्रेवर निवत गेला. उद्याही मी तो करीन.

स्मिल्याने थर्मास घरी ठेवला होता. वर्षभरानंतरचा पहिला घोट तिने हळूच घेतला, थोडा वेळ विचार केला आणि माझ्याकडे पाहिले.

"टिहोकाका," ती म्हणाली, "खरंच कडू आहे हो."